आधी ऊब, मग दूध

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सरांचा मला अजून राग येतो. त्या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. मांजराच्या पिल्लावरून एवढं काय धरून बसायचं, असं बिल्डिंगमधल्या दोघा-तिघांनी मला तोंडावर सांगितलं. मी धरून बसले आहे. का, ते सांगते.

मी जळगावला एकटी राहते, एका सरकारी कार्यालयात नोकरी करते. घर तळमजल्यावर. आमच्याकडची घरं बांधताना सगळा विचार मे महिन्याचा केलेला असतो. खाली शहाबादी फरशी, समोरासमोर खिडक्या, गच्चीला चुना. डिसेंबर संपता संपता थंडी पडते तेव्हा हेच घर रांजणासारखं गार होतं. हीटर कुणाकडे नसतो. दोन-तीन आठवड्यांसाठी कोण घेणार, म्हणून माणसं स्वेटर-कानटोप्या घालून दिवस काढतात.

अशाच दिवसांत धुळ्याहून अक्कांचा फोन आला. अक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यापासून जखमी कुत्री-मांजरं घरी आणून बरी करतात. माझ्या बहिणीच्या दारात गाडीखाली आलेलं कुत्रं त्यांनी उचलून नेलं होतं, तेव्हापासून आमची ओळख. त्यांचं बोलणं निम्मं अहिराणी, निम्मं आपलं.

"चार पिल्लं शेतस, माय. दहा-बारा दिवसना. मन्हा घर आजारी कुत्री शेतस, इथं ठेवली तर मरतील. लई जाशी का?"

पिल्लं मी घेऊन जावीत, असं म्हणत होत्या. ती एका जिनिंग मिलमध्ये कापसाची गाडी रिकामी करताना सापडली होती. गाडी तीन गावांतून भरत आलेली. आई कुठल्या गावात मागे राहिली, ते गाडीवाल्यालाही सांगता येईना.

मी याआधी कधी एवढी लहान पिल्लं सांभाळली नव्हती. तरी रविवारी धुळ्याला गेले. एसटी स्टँडवर अक्का केळीचा पुठ्ठ्याचा खोका घेऊन उभ्या होत्या. खोक्याला हवेची भोकं असतातच. आत जुन्या गोधडीचा तुकडा आणि त्यावर उंदरांएवढे चार जीव एकमेकांत शिरून झोपलेले. एक तांबूस, अंगानं सगळ्यांत मोठं. दोन काळी-पांढरी. आणि एक करडं, इतकं लहान की ते बाकीच्यांच्या खाली दबलेलं मला आधी दिसलंच नाही. डोळे नुकते उघडत होते.

स्टँडवरच्या कोलाहलात अक्कांनी मला सगळं तीनदा सांगितलं. एवढ्या लहान पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आई असती तर तिच्या पोटाशी राहिली असती. ती नाही, म्हणून तू गरम पाण्याच्या बाटल्या ठेव, पण मोज्यात घालून, उघडी बाटली कधी नको, चटका बसतो. खोक्याच्या एकाच बाजूला ठेव, म्हणजे जास्त गरम झालं तर त्यांना दुसरीकडे सरकता येईल. दर तीन तासांनी दूध, पिल्लांसाठी मिळते त्या पावडरीचं, गायीचं नाही. पाजताना पालथं धर, उताणं धरलंस तर दूध छातीत जाईल.

"आणि एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "पिल्लू गार लागलं तर दूध द्यायचं नाही. थंड पोटमा दूध पचत नही. आधी ऊब, मग दूध."

जळगावला येईपर्यंत खोका माझ्या मांडीवर होता. खिडकीच्या काचेच्या फटीतून वारा येत होता, म्हणून मी अंगावरची शाल काढून खोक्यावर टाकली आणि स्वतः कुडकुडत आले.

घरात मी आतली खोली त्यांना दिली. फरशीवर आधी सतरंजी, वर लाकडी पाट, पाटावर खोका. खोक्याच्या अर्ध्या तोंडावर जाड टॉवेल. पाण्याच्या दोन बाटल्या माझ्या जुन्या लोकरी मोज्यांत. खिडकीच्या फटीत कापडाचे बोळे कोंबले. बाटल्या दोन-अडीच तासांत कोमट व्हायच्या की बदलायच्या. ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर आहे, मी दुपारी दोनदा येऊन जायचे. मधल्या वेळी वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन बाटल्या भरून द्यायच्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. सत्तरी ओलांडलेल्या, हळू बोलणाऱ्या. मी मागितली नसताना त्यांनी मदत केली. खोक्यात हात घालून पिल्लांच्या पोटाला बोटाची मागची बाजू लावून बघायच्या आणि मान हलवायच्या, ठीक आहेत म्हणून.

मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी पिल्लांचं वजन करत होते. तांबडं झपाट्यानं वाढत होतं. सिरिंज दिसली की पुढच्या पायांनी धरून ओढायचं. करडं तेवढं मागे होतं.

सर चौथ्या दिवशी खाली आले. ते आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. मला आठवी-नववीला तेच होते. बिल्डिंगमध्ये कुणाला ताप आला, कुणाच्या कुंडीतली तुळस वाळली, कुणाच्या मुलानं कुठली शाखा घ्यावी, सगळ्यावर सर सांगतात आणि सगळे "हो सर" म्हणतात. मीही म्हणत आले आहे. शेचाळीस वर्षांची बाई मी, पण सर जिन्यात दिसले की पदर सारखा करते, आवाज खाली आणते.

त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं. "बाटल्या कशाला? तू यांना चुकीची सवय लावतेस. जनावराला थंडी सोसायची शक्ती निसर्गानं दिलेली असते. आणि खोली अशी बंद? मोकळी हवा हवी."

"मोठ्या मांजराला असते सर, यांना अजून—"

"अगं, मी शिकवलंय हे."

"हो सर," मी म्हणाले.

तेव्हाच मी नीट बोलले असते तर, हा विचार मला वर्षभर सोडत नाही. रागाचा मोठा वाटा तिथेच जातो, माझ्या त्या "हो सर"कडे.

पुढच्या आठवड्यात मला एक दिवसाच्या प्रशिक्षणासाठी चाळीसगावला जायचा आदेश आला. मी साहेबांना म्हटलं, घरी अडचण आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्यांनी विचारलं, काय अडचण. मी खरं सांगितलं आणि ते हसले. टेबलाशी बसलेले आणखी दोघं हसले. आदेश कायम राहिला.

मी काकूंना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. मी मोठ्या अक्षरांत कागद लिहिला. बाटल्या किती वाजता बदलायच्या, दूध किती, कसं धरायचं, काय करायचं नाही. शेवटची ओळ अधोरेखित केली, पिल्लू गार असेल तर दूध देऊ नये, मला किंवा अक्कांना फोन करावा. खाली दोन्ही नंबर. कागद खोक्याच्या वरच भिंतीला चिकटवला. नेहमीप्रमाणे किल्ली द्यायला वर गेले तेव्हा दार सरांनी उघडलं. किल्ली त्यांनीच घेतली.

"काळजी करू नको. मी आहे ना."

सकाळच्या गाडीनं मी चाळीसगावला गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकूंना फोन केला, तो सरांनी उचलला. "सगळं उत्तम," म्हणाले. मला बरं वाटलं. मी वरण-भात नीट जेवले. हेसुद्धा आठवून मला संताप येतो.

संध्याकाळी सहा-साडेसहाला घरी पोचले तेव्हा बिल्डिंगच्या गच्चीवरून धूर येत होता. त्या दिवशी भरताचा बेत होता. दर थंडीत आमच्याकडे तो असतोच. तुरकाठ्या पेटवायच्या, त्यात वांगी भाजायची, सगळी बिल्डिंग त्या आगीभोवती हात शेकत बसते. वरून हसण्याचे आवाज येत होते, त्यात सरांचा आवाज वेगळा ओळखू येत होता. माझं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं.

आतल्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. बोळे खाली पडलेले. खोका पाटावरून उचलून खिडकीखाली, नागव्या फरशीवर ठेवलेला. टॉवेल घडी करून बाजूला. दोन्ही बाटल्या मोज्यांतून काढून ओट्यावर ओळीनं उभ्या, गार पाण्यानं भरलेल्या. ओट्यावर एका वाटीत गायीच्या दुधाचा तळ राहिला होता, शेजारी एक चमचा. भिंतीवरचा कागद जसाच्या तसा होता.

खोक्यात तीन पिल्लं होती. तांबडं मेलेलं होतं. त्याच्या नाकाशी दूध वाळलेलं होतं आणि अंग कडक झालं होतं. दोन्ही काळी-पांढरी त्याला चिकटून पडलेली. उचलली तर मान लोंबली. तोंडात बोट घातलं, तर आतून गार. करडं कुठेच नव्हतं.

मी खिडकी लावली आणि अक्कांना फोन केला. मला वाटलं होतं रडायला येईल, पण माझा आवाज कोरडा होता. अक्काही एक शब्द जादा बोलल्या नाहीत. "ब्लाउजच्या आत घाल दोघांना. अंगाला लागू दे. वरून शाल. शेगडीजवळ नको नेऊ, एकदम तापवायचं नाही. हळूहळू. हलायला लागली की मग फोन कर. दूध नाही द्यायचं, समजलं?"

मी पलंगावर भिंतीला टेकून बसले. छातीशी दोन बर्फाचे गोळे ठेवल्यासारखं वाटत होतं. मी शालीवरून त्यांच्या पाठी चोळत होते आणि करडं कुठे गेलं असेल याचा विचार करत होते. खिडकीतून बाहेर पडलं असेल असं वाटत होतं, पण या दोघांना सोडून उठता येत नव्हतं.

दार वाजलं आणि काकू आत आल्या. अंगावर जाड तपकिरी शाल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं आणि शालीच्या आतून हात बाहेर काढला. हातात करडं होतं. ते चुळबुळ करत होतं. गरम होतं.

"दुपारपासून माझ्याजवळच आहे," त्या म्हणाल्या. "एवढंच लपवता आलं. चार घेतली असती तर दिसलं असतं."

मग त्यांनी सांगितलं. सर त्यांच्याबरोबर खाली आले होते. कागद वाचून हसले. बाटल्या काढल्या, खिडकी उघडली. ते वर गेल्यावर काकूंनी बाटल्या पुन्हा भरून ठेवल्या. सर तासाभरानं परत आले आणि पुन्हा काढल्या. काकूंना म्हणाले, तू मध्ये पडू नको, बघ कशी टणक होतात. पिल्लं ओरडायला लागली तेव्हा भूक लागली असेल म्हणून घरचं दूध आणून चमच्यानं पाजलं, उताणं धरून, बाळाला पाजतात तसं. तांबडं हावरं, त्यानंच सगळ्यात जास्त घेतलं. ते ठसकत होतं, तेव्हा सर म्हणाले, पोट भरलं त्याचं.

"मला फोन का नाही केलात काकू?"

"फोन त्यांच्याकडे असतो."

त्या माझ्या शेजारी पलंगावर बसल्या. गच्चीवर त्या गेल्याच नव्हत्या. डोकं दुखतंय सांगून घरात पांघरूण घेऊन पडल्या होत्या, पोटाशी पिल्लू घेऊन.

तासाभरानं माझ्या छातीशी काहीतरी हललं. मग दुसरं हललं. अक्कांनी सांगितल्याप्रमाणे आधी हिरड्यांना साखरेचं पाणी बोटानं लावलं आणि बऱ्याच वेळानं थोडंसं दूध दिलं, पालथं धरून. त्यातल्या एकाच्या छातीत घरघर वाजत होती.

तेवढ्यात सर आले. हातात ताट. ताटात भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. "तू आली नाहीस वर, म्हणून तुझ्यासाठी आणलं." खोक्याकडे बघून ते म्हणाले, "ते एक गेलं का? मला वाटलंच होतं. कमकुवत होतं ते."

मी ताट घेतलं आणि "थँक्यू सर" म्हणाले. खरंच म्हणाले. शेजारी काकू बसल्या होत्या, समोर ते मेलेलं पिल्लू रुमालात होतं आणि माझ्या तोंडातून तेच निघालं. ते गेल्यावर मी भरीत तसंच टाकून दिलं. आमच्याकडे कुणाचं ताट रिकामं परत करत नाहीत, थोडी साखर तरी घालतात. मी ते घासून, पुसून, रिकामं वर नेऊन दिलं. एवढाच माझा विरोध. दार काकूंनी उघडलं, म्हणजे तोही चुकीच्या माणसाला पोचला.

तांबड्याला सकाळी मागच्या अंगणात कडुनिंबाखाली पुरलं. घरघर वाजणाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. दूध छातीत गेल्यामुळे सूज आहे म्हणाले, इंजेक्शनं सुरू केली. मी सरळ रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, मी "वैयक्तिक" एवढंच लिहिलं.

रविवारी पार्किंगमध्ये ऊन आलं होतं. तिथे खुर्च्या टाकून पाच-सहाजण बसले होते, सर मध्ये. मी खोक्यातले धुतलेले कापडाचे तुकडे दोरीवर वाळत घालायला बाहेर आले. सर सांगत होते, "निसर्गात असंच असतं. चारातलं एखादं कमकुवत निघतं, ते टिकत नाही. या मुलींना ते कळत नाही, त्या जीव लावून बसतात."

माझ्या हातात ओला टॉवेल होता. मी तो बादलीत ठेवला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सर, ते कमकुवत नव्हतं."

"अगं, तुला वाईट वाटणं साहजिक आहे—"

"चारांत ते सगळ्यात मोठं होतं. मी रोज वजन करत होते, वहीत लिहिलेलं आहे. तुम्ही बाटल्या काढल्या, खिडकी उघडली आणि गार पडलेल्या पिल्लाला उताणं धरून दूध पाजलंत. म्हणून ते मेलं."

सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "माझा हेतू काही—"

"हेतू मी विचारत नाही. भिंतीवरचा कागद वाचला होतात का?"

"वाचला. पण कुठली तरी बाई फोनवर काहीतरी सांगते आणि तू ते लिहून मला देतेस? मी छत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं."

"मग तुम्हाला माहीत असायला हवं होतं. आणि माहीत नव्हतं तर विचारायचं होतं. खाली नंबर लिहिला होता."

सर उठले, खुर्ची घडी केली आणि जिन्याकडे गेले. शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ मला म्हणाले, "ताई, जाऊ द्या. मोठ्या माणसाशी असं बोलू नये. मांजरच होतं शेवटी."

मी बादली उचलली आणि आत गेले. पिल्लांच्या दुधाची वेळ झाली होती.

सरांनी कधी माफी मागितली नाही. आधी चार महिने बोलले नाहीत, मग जणू काही झालंच नव्हतं अशा थाटात "काय, ऑफिसला का?" विचारायला लागले. मी "हो" म्हणते. पुढचा "सर" लावत नाही.

दोन्ही काळी-पांढरी जगली. जिच्या छातीत घरघर होती ती महिनाभर मागे राहिली, नंतर दुसरीला पकडून चावण्याएवढी झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी अक्का येऊन त्यांना घेऊन गेल्या. धुळ्यात कापडाचं दुकान असलेल्या एका मारवाडी घरात दोघी एकत्र आहेत. गठ्ठ्यांवर झोपतात, असा फोटो आला होता.

करड्याला मी दिलं नाही. अक्का त्यालाही न्यायला तयार होत्या, पण त्या येण्याच्या आदल्या दिवशी काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, "हे तू ठेवशील का? वर चालायचं नाही. तुझ्याकडे असलं तर मला येता येईल."

मी हो म्हटलं. पण त्या गेल्यावर मला जो राग आला, तो आधीच्या सगळ्या रागांपेक्षा मोठा होता. ज्या बाईनं एक जीव स्वतःच्या अंगाच्या उबेनं वाचवला, तिला त्याच्यावर हात फिरवायला शेजारणीची परवानगी मागावी लागते. स्वतःच्या घरात तिचा स्वतःचा फोन नाही, मांजर असणं तर दूरच. आणि मी आठवीपासून त्या माणसाचा आदर करत आले होते.

आता पुन्हा थंडी पडली आहे. करडं आता चांगलं दांडगं झालं आहे, त्याला बाटल्या लागत नाहीत, पण मी सवयीनं त्याच्या टोपलीत लोकरीचा तुकडा घालते. चारच्या सुमारास काकू येतात. खुर्चीत बसतात, ते उडी मारून मांडीवर जातं आणि त्या शालीचं टोक त्याच्यावर ओढतात. परवा मी लवकर घरी आले होते. वरून सरांनी जिन्यात उभं राहून हाक मारली, चहाचं काय झालं म्हणून.

"येते," काकू म्हणाल्या, पण इतक्या हळू की वर ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी चहा टाकायला उठले. आम्ही दोघींनी तो माझ्याच घरी घेतला. सर आणखी दोनदा ओरडले, आणि काकू साडेपाचपर्यंत बसून राहिल्या.